अंथरूण धरण्यापूर्वी

नव्वदीला टेकलेला माणूस न्यूमोनियाने आजारी पडून रुग्णालयात दाखल होतो. आठ-दहा दिवसांत ताप उतरतो, धाप कमी होते, एक्स-रे सुधारतो आणि डॉक्टर समाधानाने डिस्चार्ज देतात. आजारापूर्वी तो काठी टेकत का होईना, स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जात होता. घरी निघताना मात्र त्याला दोघांनी धरून गाडीत बसवावे लागते. महिन्याभराने चौकशी केली की घरचे सांगतात, ‘आजार गेला, पण अंथरूण धरलं ते धरलंच.’ वय झाले, असे म्हणून सगळे गप्प बसतात. पुढच्या पानांत या गप्प बसण्यालाच हरकत घेतली आहे. अमेरिकेत ओहायोमध्ये ७० वर्षांवरील २,२९३ रुग्णांचा एक अभ्यास झाला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. अंघोळ, कपडे, खाटेवरून उठणे, संडासला जाणे, जेवणे ही रोजची पाच कामे आजारापूर्वी कशी जमत होती आणि घरी जाताना कशी जमतात, एवढेच त्यात पाहिले होते. ३५ टक्के रुग्ण आधीपेक्षा परावलंबी होऊन घरी गेले. नव्वदीपुढच्यांत हे प्रमाण ६३ टक्के होते. एवढ्या सगळ्यांचे खापर आजारावर आणि वयावर फोडता येत नाही. रुग्णालयातल्या मुक्कामात दोन गोष्टी हमखास घडतात. माणूस झोपून राहतो आणि त्याचे खाणे निम्म्यावर येते. या दोहोंनी मिळून त्याचे स्नायू जातात, आणि त्यातला बराच भाग टाळता येण्यासारखा असतो, एवढेच या प्रस्तावनेत मांडायचे आहे.

हा विषय रत्नागिरीला इतर जिल्ह्यांपेक्षा जवळचा आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना इथली घटली, कारण हाताला काम शोधणारे मुंबई-पुण्याला गेले आणि मागे राहिले ते बहुतेक म्हातारे. त्यातही बायका अधिक; दर हजार पुरुषांमागे ११०० हून अधिक स्त्रिया, हे या जिल्ह्याचे जुने वैशिष्ट्य आहे. दीर्घायुष्याचे तर इथे कुणाला नवल नाही. खेड तालुक्यात जन्मलेले महर्षी धोंडो केशव कर्वे १०४ वर्षे जगले, चिपळूणजवळचे महामहोपाध्याय पां. वा. काणे ९१ वर्षे. पण कोकणात नुसते जगून भागत नाही, पायांत बळ लागते. घर उतारावर, रस्ता वर, मधे जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी. पुष्कळ घरांत न्हाणीघर मागीलदारी आणि संडास उकिडवे बसण्याचा. खुर्चीवरून हाताच्या आधाराशिवाय उठता येत नसेल, तर अशा घरात माणूस एका खोलीत कोंडला जातो. शहरातल्या लिफ्टच्या इमारतीत मांडीच्या स्नायूंची थोडी घट कदाचित खपून जाईल. पाखाडीवर ती लगेच उघडी पडते.

वयाबरोबर स्नायू झिजतात आणि त्यांची ताकद जाते, याला वैद्यकात सार्कोपेनिया म्हणतात. १९८८ साली आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी आहारशास्त्रज्ञाने हे नाव सुचवले. पन्नाशीनंतर ही घट दरवर्षी थोडी थोडी होत राहते, आणि सवयीने माणूस तिच्याशी जुळवून घेतो. रुग्णालयात मात्र वर्षांची झीज दिवसांत होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या, कोणताही आजार नसलेल्या डझनभर माणसांना १० दिवस खाटेवर झोपवून ठेवले. त्यांना प्रथिनेही ठरलेल्या प्रमाणात मिळत होती. तरी १० दिवसांनी त्यांच्या दोन्ही पायांतले मिळून जवळजवळ १ किलो मांस कमी झाले होते आणि स्नायूंत नवी प्रथिने बनण्याचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी मंदावला होता. हे निरोगी लोक होते. ज्याला ताप आहे, संसर्ग आहे, त्याच्या शरीरात दाहाची रसायने स्नायू मोडून त्यातली अमिनो आम्ले यकृताकडे आणि रोगप्रतिकारक पेशींकडे वळवतात. आजारात स्नायू हा शरीराचा राखीव साठा असतो आणि नव्वदीत तो साठा आधीच आटलेला असतो. शिवाय स्नायू काही हातापायांतच नसतात. छातीचे आणि पोटाचे स्नायू दुबळे झाले की खोकल्याचा जोर जातो आणि कफ आत राहतो. गिळण्याचे स्नायू थकले की घास श्वासनलिकेत जातो. बऱ्या झालेल्या न्यूमोनियाचा पेशंट तीन आठवड्यांनी पुन्हा न्यूमोनियानेच येतो, त्यामागे पुष्कळदा हे असते.

आता त्याच्या ताटाकडे पाहू. आजारी माणसाने हलके खावे, हे आपल्याकडे इतके मुरले आहे की त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. कोकणात हलके म्हणजे पेज. सकाळी चहा आणि चार बिस्किटे, दहाच्या सुमारास मूठभर तांदळाची पेज, दुपारी मऊ भात आणि वरणाचे वरचे पाणी, मग पुन्हा चहा, भेटायला येणाऱ्याने आणलेले शहाळे, संध्याकाळी कपभर दुधातली साबुदाण्याची खीर, रात्री पुन्हा पेज. नातेवाईक सांगतील, ‘दिवसभर काही ना काही चालूच आहे.’ खरे आहे. पण यातली प्रथिने मोजा. तांदळात १०० ग्रॅमला सुमारे ८ ग्रॅम, म्हणजे पेजेच्या एका वाटीत अडीच, साबुदाण्यात जवळपास शून्य, शहाळ्यात नाममात्र, वरणाच्या पाण्यात डाळ खाली राहिल्यावर उरते तेवढीच. सगळे मिळून १८ ग्रॅमच्या आसपास, तेही वाटी रिकामी झाली तर. आजारी वृद्धाला शरीराच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत, अशी शिफारस प्रॉट-एज या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ साली केली. ४५ किलोच्या आजीबाईंना म्हणजे ५४ ते ६७ ग्रॅम. ताटात त्याचा तिसरा हिस्सा आहे. उरलेले ती स्वतःच्या मांड्यांतून काढून देते, असे म्हटले तरी चालेल. ‘सलाईन चालू आहे ना, ताकद येईल,’ ही दुसरी समजूत. मिठाच्या सलाईनमध्ये उष्मांक नसतातच. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे १०० च्या आत कॅलरी. प्रथिने दोहोंतही नाहीत. सलाईन शरीरातले पाणी सावरते आणि त्याची गरज असते तेव्हा ते जीव वाचवते. पण ते जेवण नव्हे.

विशेष म्हणजे जे हवे ते कोकणच्याच स्वयंपाकघरात आहे, फक्त ते आजाऱ्याच्या खाटेपर्यंत पोचत नाही. कुळथात १०० ग्रॅमला २१-२२ ग्रॅम प्रथिने आहेत. कुळथाची पिठी पातळ असते, गिळायला सोपी असते आणि आजारपणात जिभेला बरीही लागते. बांगड्याच्या ७५ ग्रॅम मऊ मांसात १४-१५ ग्रॅम प्रथिने मिळतात, काटे नीट काढून भातात कुस्करले तर दात नसलेल्यालाही खाता येते. एक अंडे ६ ग्रॅम, पेलाभर दूध ६ ग्रॅम, ३० ग्रॅम दाण्याचे कूट ७ ग्रॅम. शाकाहारी घरांत पेजेतच दोन चमचे दूध पावडर आणि वर तूप घातले की पेज तीच राहते आणि तिच्यातली प्रथिने तिपटीकडे जातात. सुकट-जवळा प्रथिनांनी भरलेला असला तरी मीठ फार, म्हणून हृदयाच्या पेशंटला तो टाळावा. नाचणीच्या सत्त्वाचा मान मोठा आहे, कॅल्शियमसाठी नाचणीला तो शोभतोही. पण गाळून काढलेल्या सत्त्वात मुख्यतः पिष्ट उरते, त्यावर स्नायू पोसले जातील अशी आशा धरू नये. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायची. म्हाताऱ्या स्नायूला थोडी थोडी प्रथिने दिली तर तो दाद देत नाही. तरुणाला एका जेवणात २० ग्रॅम पुरतात, वृद्धाला २५ ते ३० लागतात. म्हणून दिवसभर दोन-दोन घोट भरवत राहण्यापेक्षा सकाळी, दुपारी आणि रात्री एकेक भरीव जेवण जमवता आले तर ते अधिक उपयोगी पडते. भूक सकाळी बरी असते. ती चहा-बिस्किटांवर वाया घालवू नये. आणि कवळी घरी डबीत राहिली असेल, तर पुढचे सगळे बोलणे फुकट.

खाऊ घातल्याने खरोखर फरक पडतो का, हा रास्त प्रश्न आहे, कारण आजारी माणूस कमी खातो म्हणून खंगतो की जास्त आजारी आहे म्हणून कमी खातो, हे नुसत्या निरीक्षणाने कळत नाही. त्याचे चांगले उत्तर २०१९ साली लॅन्सेटमध्ये आले. स्वित्झर्लंडच्या ८ रुग्णालयांत २,००० हून अधिक कुपोषणाच्या धोक्यातल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला नेहमीचे जेवण, दुसऱ्याला आहारतज्ज्ञाने माणसागणिक ठरवलेले. ३० दिवसांत नेहमीच्या गटातले सुमारे १० टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यातले ७ टक्के. एखाद्या औषधाने एवढे साधले असते तर कंपनीने त्याची जाहिरात केली असती. पण या अभ्यासाचा पुढचा भाग कोणी फारसा सांगत नाही: डिस्चार्जबरोबर आहाराचा आधार थांबला आणि सहा महिन्यांनी दोन्ही गटांतला मृत्यूचा फरक उरला नाही. वॉर्डात मिळवलेले घरी टिकवावे लागते. ज्या गावात सून मुंबईला आहे आणि घरी ८२ वर्षांची बायको ८८ वर्षांच्या नवऱ्याला पाहते, तिथे तर डिस्चार्जच्या दिवशी आहार सांगणे हा उपचाराचा अर्धा भाग आहे.

आणि नुसते खाणेही पुरत नाही. बोस्टनच्या एका वृद्धनिवासात सरासरी ८७ वर्षांच्या १०० जणांवर झालेला प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. काहींना पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. १० आठवड्यांत व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून वाढली. ज्यांना नुसते पेय दिले त्यांच्या दुबळेपणात फरक पडला नाही. वृद्धांसाठी महागड्या प्रोटीन पावडरचे डबे घेऊन येणाऱ्या मुलांनी हे वाचावे. डबा वाईट नाही, पण तो घेऊन माणूस खाटेवरच पडून राहिला तर पैसे गेले. रुग्णालयातला पुरावा स्पेनमधल्या पाम्प्लोनाचा आहे. तिथे तीव्र आजाराने दाखल झालेल्या सरासरी ८७ वर्षांच्या ३७० रुग्णांपैकी अर्ध्यांना रोज दोनदा वीस-वीस मिनिटे उठणे-बसणे, चालणे आणि पायांचे हलके वजनी व्यायाम दिले. रोजच्या कामांची क्षमता मोजणाऱ्या १०० गुणांच्या तक्त्यावर नेहमीच्या उपचारांतले रुग्ण सरासरी ५ गुणांनी खाली गेले, व्यायाम करणारे जवळजवळ २ गुणांनी वर आले. आणि हे सगळे आठवड्याभरात.

‘या वयात कसला व्यायाम, सुखाने पडू द्या,’ हा आक्षेप प्रेमापोटी येतो, म्हणून त्याचे उत्तर देणे अवघड जाते. मुंबईहून रात्रीच्या गाडीने धावत आलेला मुलगा आईला ‘उठू नकोस, मी आहे ना’ म्हणतो, त्यात वाईट काही नाही; पण त्या तीन दिवसांत ती खाटेवरून खाली पाय ठेवत नाही. वयामुळे स्नायू प्रतिसाद देत नाही, हे खरे नाही. १९९० साली ८६ ते ९६ वर्षांच्या मूठभर वृद्धांना ८ आठवडे व्यायाम दिला तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. पडण्याची भीती खरी आहे, पण तिचा हिशेब उलटा लावला जातो. माणूस पडतो तो दुबळ्या पायांनी, आणि पाय दुबळे होतात झोपून. पाम्प्लोनाच्या प्रयोगात व्यायामामुळे कुणालाही इजा झाल्याची नोंद नाही. लघवीची नळी मात्र गरज संपल्यावरही राहिली तर ती पेशंटला खाटेला बांधून ठेवते. ती कधी निघणार, हे रोज विचारण्यात संकोच करू नये. रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टराने १९४७ सालीच झोपून राहण्याच्या धोक्यांवर लेख लिहिला होता, तेव्हा हे आजचे फॅडही नाही.

दुसरा आक्षेप वैद्यकीय आहे आणि तो अधिक काळजीने घ्यावा लागतो. प्रथिनांनी मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून क्रिएटिनिन जरा वाढले की डाळ, अंडी, मासे बंद. मूत्रपिंड खूपच निकामी झाले असेल आणि डायलिसिस चालू नसेल, तर प्रथिनांवर मर्यादा हवीच. स्विस अभ्यासातही अशा रुग्णांचे लक्ष्य कमी ठेवले होते. पण त्याच अभ्यासाच्या पुढील विश्लेषणात मूत्रपिंडाचे काम मंदावलेल्या रुग्णांनाच पोषणाचा फायदा अधिक झालेला दिसला. सौम्य बिघाडासाठी आजारपणाच्या आठवड्यात डाळ तोडणे हा तोट्याचा सौदा आहे. मधुमेहाचेही तसेच, साखर सांभाळायची म्हणून जेवणच कमी करण्यापेक्षा इन्सुलिनचा डोस जुळवावा. एक धोका मात्र आवर्जून सांगायला हवा. चार-पाच दिवस काहीच पोटात न गेलेल्या किंवा आधीच हाडांचा सापळा झालेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातले फॉस्फरस आणि पोटॅशियम घसरून जीव जाऊ शकतो. अशांना हळूहळू, व्हिटॅमिन बी-१ देऊन आणि रक्त तपासत वाढवावे लागते. हे काम डॉक्टरांचे आहे, उत्साही भाच्याचे नव्हे.

तिसरा आक्षेप खाऊ घालण्याच्या जबरदस्तीचा. अखेरच्या वाटेवर असलेल्या माणसाने तोंड फिरवले, तर त्याच्या तोंडात घास कोंबणे क्रूरपणाचे आहे, आणि ही पाने वाचून कोणी तसे करू नये. तिथे ओठ ओले ठेवणे आणि जवळ बसणे एवढेच काम उरते. पण ‘अखेरचे’ हे ठरवायला आपण फार घाई करतो. खाण्याची वासना जाते ती तोंड आल्याने, शौचाला न झाल्याने, औषधांनी, उदासपणाने, किंवा ताट हाताला न पोचेल अशा स्टुलावर ठेवल्याने. मावशी ताट ठेवून जातात, तासाने उचलून नेतात, आणि मधल्या तासात त्या माणसाला उठवून बसवायला कोणी नसते. ते ताट भरलेले परत गेले, ही बातमी राउंडवरच्या डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही.

राहिला मनुष्यबळाचा मुद्दा. एका सिस्टरकडे तीस-चाळीस पेशंट असताना कोण कोणाला भरवणार आणि चालवणार? हा आक्षेप पूर्ण खरा आहे. वृद्धांच्या आरोग्यासाठी २०१०-११ पासून चाललेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात १० खाटांच्या वृद्ध कक्षाची तरतूद आहे; २०२३ मध्ये रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले; २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला आयुष्मान योजनेत ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण कुठल्याही योजनेने वाटी हातात धरणारा माणूस आपोआप येत नाही. तरीही आपल्याकडे एक गोष्ट आहे जी स्वित्झर्लंडच्या रुग्णालयांत नाही: खाटेजवळ चोवीस तास बसलेला नातेवाईक. आज त्याचे काम औषधे आणणे आणि रिपोर्टसाठी धावणे एवढेच मानले जाते. त्याला जेवण मोजायला आणि तासातासाने पेशंटला बसते करायला शिकवले, तर खर्च जवळजवळ शून्य आहे. या पानांचा मुख्य वाचक तोच आहे, त्यानंतर सिस्टर, त्यानंतर तरुण डॉक्टर.

मोजमापाबद्दल शेवटचे. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये हाताच्या पकडीसाठी पुरुषांना २८ आणि स्त्रियांना १८ किलो, पोटरीच्या घेरासाठी ३४ आणि ३३ सेंटिमीटर अशा सीमा ठरवल्या. त्या मुख्यतः पूर्व आशियातल्या माहितीवर बेतलेल्या आहेत. जन्मभर सडपातळ राहिलेल्या कोकणी बाईची पोटरी कदाचित तरुणपणीही ३३ भरली नसेल, म्हणून त्या आकड्यावरून तिला आजारी ठरवणे मला पटत नाही. तिच्याच पोटरीचा आठवड्यापूर्वीचा आकडा अधिक बोलका. त्यासाठी शिंप्याची टेप पुरते. घरात ८० च्या पुढचे कोणी रुग्णालयात असेल, तर वाचकाने एवढे करावे: पहिल्याच दिवशी वजन आणि पोटरीचा घेर केसपेपरवर लिहून मागावा, किती खाल्ले ते रोज वहीत टिपून राउंडच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवावे, उठवून बसवायला परवानगी आहे का हे स्पष्ट विचारावे, आणि डिस्चार्जच्या कागदावर सही करण्यापूर्वी पेशंटला खुर्चीतून उठून दाखवायला सांगावे. तो उठू शकला नाही, तर फिजिओथेरपिस्टला बोलावल्याशिवाय घरी नेऊ नये.